गव्हाच्या पिशवीतलं उकडं भात

ती केस माझ्या मनातून अजून गेलेली नाही. जावी असंही मला वाटत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, हायवेवरचे अपघात तर विचारूच नका. पण माझे कान धरले ते पिशवीभर गव्हाने.

खालापूर भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीत, हायवेपासून थोडं आत, एका कंपनीचं गोदाम होतं. घाटावरून गहू यायचा, इथे साफ व्हायचा, बियाणं म्हणून पिशव्यांत भरून पुन्हा घाटावर विक्रीला जायचा. त्या वर्षी पेरण्या झाल्या आणि पंधरा दिवसांत घाटावरचे सात-आठ शेतकरी टेंपो करून थेट ठाण्यात आले. पिशवीवर उगवणीची हमी, शेतात मात्र कोंब नाही. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने माझ्या टेबलावर मूठभर गहू ओतला.

"बघा सायेब, दाणा कसा टपोरा हाय. आन् आतून मेलेला."

मी फसवणुकीचा गुन्हा नोंदवला. दुसऱ्याच दिवशी ठाण्यात निनावी फोन आला: "लॅबमधल्या बाईने बी न तपासताच पास केलंय. तिला विचारा." फोन बंद.

लॅब म्हणजे एक छोटी खाजगी प्रयोगशाळा. बाई तिशीची, कडावची, रोज एसटीने येणारी. उगवणीच्या अहवालावर सही तिची. घरातली पहिली पदवीधर आणि घर तिच्याच पगारावर. मी तिला जीपमधून ठाण्यात आणलं.

"हे बी बोगस आहे की नाही?"

"नमुना बघितल्याशिवाय नाही सांगता येणार, साहेब."

"अहवालावर सही तुमचीच ना?"

"सही माझीच. पण या पिशवीत मी तपासलेलंच बी आहे का, ते मला माहीत नाही."

"म्हणजे कोणी बदललं?"

"तेही नाही सांगता येणार."

माझं डोकं फिरलं. ताकास तूर लागू देत नव्हती. वर शांत! रडणं नाही, हातापाया पडणं नाही. निर्दोष माणूस आधी आरडाओरडा करतो, असा माझा तेव्हाचा अनुभव. मी स्टेशन डायरीत लिहिलं, 'उडवाउडवीची उत्तरे देते. संशय बळावतो.'

तिने एकच गोष्ट तीनदा सांगितली. "साहेब, माझा राखीव नमुना फोडा. निम्मा तपासला, निम्मा सील करून कपाटात ठेवलाय. पंचांसमोर फोडा."

मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं. हिला त्या नमुन्याची एवढी घाई का? नक्की तिनेच तो बदलून ठेवला असणार. आमचे जुने हवालदार हळूच म्हणाले, "साहेब, गुन्हेगार पुरावा लपवतो. ही तर फोडा म्हणतेय." मी त्यांच्यावरच खेकसलो. बाईला बाकावर बसवून ठेवलं आणि दिवस मावळायच्या आत घरी सोडलं. संध्याकाळी लॅबच्या मालकाने तिला कळवलं, चौकशी संपेपर्यंत कामावर यायचं नाही.

कृषी अधिकारी आले तेव्हा कुठे मी लॅबमधलं कपाट उघडलं. सील शाबूत होतं. सही-शिक्के जुळले, तरी माझं समाधान होईना. अधिकाऱ्यांनी दोन्हीकडचे नमुने सरकारी प्रयोगशाळेसाठी वेगळे बांधले, पण तो अहवाल यायला वेळ होता. म्हणून उरलेल्या दाण्यांची तपासणी दुसऱ्या दिवशी पंचांसमोर तिथेच करायचं ठरलं. काम अधिकारी करणार. बाईलाही बोलावून घेतलं होतं; तिला मी बजावलं, "तुम्ही हात लावायचा नाही. नुसतं बसायचं."

ती हात मांडीवर घेऊन बसली.

दाणे रात्रभर पाण्यात भिजवले होते. अधिकाऱ्यांनी पात्याने एकेक दाणा उभा चिरला. राखीव नमुन्यातले एका बशीत, शेतकऱ्यांच्या पिशवीतले दुसऱ्या बशीत. वर एक औषध ओतलं. आता म्हणे हे तीन तास अंधारात ठेवायचं.

"अंधारात का?" मी विचारलं.

"उजेडाने औषध बिघडतं. दाण्यातला अंकुर जिवंत असेल तर तो लाल होतो. मेलेला पांढराच राहतो."

बश्या त्याच कपाटात ठेवून मी कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली. तीन तास त्या कपाटासमोर खुर्ची टाकून बसलो. हसाल तुम्ही, पण मला तेव्हा कोणाचाच भरवसा वाटत नव्हता, अधिकाऱ्यांचासुद्धा.

कुलूप काढलं. राखीव नमुन्यातले बहुतेक सगळे अंकुर लालभडक. पिशवीतले पांढरेफटक.

म्हणजे बाईने तपासलेला गहू जिवंत होता. मेला तो नंतर. पण कसा? एकाच जातीचा, तसाच टपोरा. अधिकारी पिशवीतला गहू ट्रेमध्ये पसरून भिंगाखाली खडा, कचरा, दुसरं बी वेगळं काढत होते. बाई लांबूनच मान उंचावून बघत होती. एकदम म्हणाली, "साहेब, ते तीन दाणे बघा. गव्हात भात आहे."

"रायगडात गोदाम, भात असणारच," मी म्हणालो.

"साधं वाटत नाही. तूस काढून बघा." अधिकाऱ्यांनी एका दाण्याचं तूस सोललं. "बघा, आतला तांदूळ पिवळट, काचेसारखा आहे. उकडं भात आहे ते. गोदामात उकडं कुठून येणार?"

आता हे घाटावरच्या पोलिसाला कळलं नसतं. आमच्याकडे भात उकडून वाळवतात, मग भरडतात, आणि ते काम गिरणीतच होतं. हवालदारांनी दोन दिवसांत कर्जत-खालापुरातल्या गिरण्या पालथ्या घातल्या. कडावकडच्या एका गिरणीवाल्याने काही आडपडदा न ठेवता सांगितलं.

"हां, आणला हुता ना गहू. परतीच्या पावसात त्यांच्या गोदामाचं छप्पर गळलं, पोती भिजली. मॅनेजर म्हनला, वाळवून दे. उकड्या भाताला देतो तोच ताव दिला. आमी भातवाली मानसं, सायेब. पेराचा गहू हाय असं त्यानं सांगितलंच नाय!"

खायच्या धान्याला तो ताव चालतो. बियाण्यातला जीव मात्र त्यात भाजून निघतो. वरून दाणा चकचकीतच.

मॅनेजरला बोलावलं. तो आला तोच तावातावाने. "साहेब, त्या बाईला सोडू नका! आमच्या कंपनीचं नाव घालवलं तिने."

"गोदामाचं छप्पर कधी दुरुस्त केलं?"

तो पुन्हा बाईच्या सहीवरच घसरला. निनावी फोन ज्या मोबाइलवरून आला, तो गोदामासमोरच्या चहावाल्याचा निघाला होता. 'मॅनेजरसाहेबांनी मागून घेतला,' असा त्याचा जबाब मी पुढे ठेवला. मग मॅनेजरने सगळं कबूल केलं. वाळवलेला गहू त्याने फडक्यात बांधून पाहिला होता. एकही कोंब आला नव्हता. तरी भिजण्याआधीच्या नमुन्याचा अहवाल वापरून त्याने पिशव्या भरल्या.

मला वाटलं, संपलं. पण खटला उभा राहिला तेव्हा बाई मुख्य साक्षीदार आणि बचावाच्या वकिलाच्या हातात माझीच डायरीतली नोंद. लॅबच्या मालकाने तिला तोवर कामावर घेतलंच नव्हतं. कोर्ट काय म्हणतं ते बघू, म्हणाला. वकिलाने नोंद मोठ्याने वाचली. "या बाईवर पोलिसांचाच विश्वास नव्हता," तो म्हणाला.

बाई साक्षीच्या पिंजऱ्यात म्हणाली, "मला जे माहीत नव्हतं, ते मी माहीत नाही म्हटलं. आजही तेच म्हणेन."

मग माझी पाळी आली. "नोंद तुमचीच? खरी आहे?"

अख्ख्या नोकरीत मी वकिलासमोर स्वतःचं लिहिलेलं कधी नाकारलं नव्हतं. तपास अधिकारीच चुकला म्हटलं की केस ढिली पडते, हे पोरगंसुद्धा सांगेल. मी म्हणालो, "नोंद माझी. चुकीची आहे. त्या सरळ उत्तरं देत होत्या, मला ती ऐकायची नव्हती."

मॅनेजरला शिक्षा झाली. बाईला नोकरी परत मिळाली. त्यानंतर मी डायरीत माणसाविषयीचं मत लिहिणं सोडलं. काय विचारलं आणि काय उत्तर मिळालं, तेवढंच लिहायचो. छातीठोकपणे बोलणारा खरा आणि 'माहीत नाही' म्हणणारा लबाड, हा आम्हा पोलिसांचा जुना रोग आहे. त्या बाईचा तर धंदाच असा, की बघितल्याशिवाय बोलायचं नाही.

निकालाच्या दिवशी ती कोर्टाच्या पायऱ्यांवर भेटली. मी म्हणालो, "बाई, मी कोर्टात माझी चूक कबूल केली."

"ऐकलं मी, साहेब," ती म्हणाली. "पण तेव्हाच नमुना फोडला असतात, तर दोन वर्षं घरी बसावं लागलं नसतं मला."