भटक्या इलेक्ट्रॉनचं उदाहरण

सरांनी हातातला खडू माझ्यावर रोखला आणि वर्गाला म्हणाले, "अगदी हिच्या लोकांसारखे."

एमएस्सीचा वर्ग. सुरत. नव्वदनंतरची वर्षं. फळ्यावर युरेनियम, नेपच्युनियम, प्लुटोनियम अशी नावं ओळीनं लिहिलेली. सर सांगत होते की काही धातूंतले इलेक्ट्रॉन आपापल्या अणूला धरून राहतात. घरंदाज असतात. त्यांच्यामुळे चुंबकत्व येतं. दुसरे असतात ते धातूभर फिरत राहतात. आणि युरेनियमच्या कुळातले हे फाइव्ह-एफ इलेक्ट्रॉन ना धड घरचे, ना धड बाहेरचे. युरेनियम धातूत तर भटकेच. म्हणून त्या धातूला स्वतःचं चुंबकत्व नाही.

आणि मग तो खडू. सर पुढे सांगत गेले, खानदेशातून उठायचं, इथं कापडाच्या लूमवर यायचं. तिकडे घर राहत नाही, इकडे होत नाही. कशाला धरून नाहीत, म्हणून कसलं तेज नाही.

वर्ग हसला.

तास संपल्यावर सर माझ्या बाकाजवळ आले. एरवी गुजरातीत शिकवायचे, माझ्याशी खास मराठीत बोलले. "वाईट वाटून घेऊ नकोस हं. उदाहरण होतं." सर मराठीच होते. बडोद्याचे, मोठ्या घरातले. त्यांची मराठी ऐकली की मला माझं तोंड उघडावंसं वाटायचं नाही.

आमचं घर सुरतेच्या कडेला, भेस्तानला. एक खोली. आबा पॉवरलूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या शेडमध्ये, कामाला. लूमच्या आवाजानं त्यांचे कान गेलेले, त्यामुळे घरात सगळेच ओरडून बोलायचे. माय घरी साड्यांना टिकल्या चिकटवायची. अहिराणी बोलणाऱ्या घरातली मी पोरगी एमएस्सीला कशी पोचले, ते मलाही नीट सांगता येणार नाही. आबा खात्यात सर्वांना सांगायचे, पोरगी लोहचुंबकाचं शिकते.

शेवटच्या वर्षी प्रकल्प मिळाला. युरेनियमच्या क्षारांचं चुंबकत्व मोजायचं. क्षाराची पूड काचेच्या नळीत भरायची, नळी तराजूला टांगून चुंबकाच्या दोन टोकांमध्ये सोडायची, चुंबक चालू केला की वजन किती बदलतं ते बघायचं. मला जोडीदार दिला एका डाइंग मिलवाल्याचा मुलगा. पलसाण्याला त्यांची मिल. मुलगा वाईट नव्हता. फक्त त्याला कधी गाव सोडून उठावं लागलं नाही.

तराजूवर तो बसायचा. पूड मी करायची. पिवळा क्षार, हिरवा क्षार, खलात घालून घोटायचा. मास्क नाही, हातमोजे नाहीत. नाकाला ओढणी बांधून मी घोटायचे. नळ्याही मीच धुवायच्या. एकदा विचारलं, सर, मी पण वजन घेऊ का. सर म्हणाले, "तुम्हा लोकांना हातानं करायची सवय असते. त्याला नाही जमणार ते."

माझ्या हाताने केलेली पूड. तिला चुंबकाची ओढ किती, ते मला दुसऱ्यानं सांगायचं.

तरी मी वाचत होते. ग्रंथालयात बसून, कळेल तसं. आणि एका दुपारी ते वाचलं. युरेनियमची अशी संयुगं आहेत, जिथं युरेनियमचे अणू एकमेकांपासून लांब असतात. तिथं तेच फाइव्ह-एफ इलेक्ट्रॉन फिरायचे थांबतात. आपल्या अणूपाशी राहतात. आणि चुंबकत्व येतं. इलेक्ट्रॉन तेच. अणू दाटीवाटीनं बसवले की भटके, मोकळे ठेवले की घरचे.

मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. सरांना हे माहीत होतं. त्यांनी आम्हाला अर्धंच शिकवलं होतं, कारण हसं अर्ध्या गोष्टीवरच होतं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी जोडीदाराला विचारलं, युरेनियम धातूत नाही ते चुंबकत्व काही संयुगांत कसं येतं? तो अडकला. सर त्याच्या मदतीला धावले. हसत हसत परीक्षकांना तेच उदाहरण दिलं. हात माझ्याकडे.

मी उठले. म्हणाले, "सर, इलेक्ट्रॉन तोच असतो. अंतर बदलतं. जागा मिळाली की तो थांबतो. भटकणं त्याच्या जातीत नसतं."

"विषयावर बोल," सर म्हणाले.

"मी विषयावरच बोलतेय. माझ्या घरावर तुम्ही बोलताय."

परीक्षकांनी चहाचा कप उचलला. जोडीदारानं मान खाली घातली. मला वाटलं होतं, खरं बोललं की काहीतरी हलतं. काही हललं नाही.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. विभागासमोर माफी मागायची, नाहीतर प्रकल्पावर सही नाही. सही नाही म्हणजे पदवी नाही. मी नाही म्हणाले.

हे आबांना कुणी सांगितलं, मला कळलं नाही. मी ग्रंथालयाची पुस्तकं परत करायला गेले, तर विभागाच्या व्हरांड्यात आबा उभे. खाडा करून आलेले. केसात धाग्यांची पिंज. चपला दाराबाहेर काढून ठेवलेल्या. त्या दाराशी कुणीच चपला काढत नसे. सर खुर्चीत बसलेले, आबा उंबऱ्याबाहेर हात जोडून. स्वतःला ऐकू येत नाही म्हणून ओरडून बोलत होते. "सायेब, पोरगी शे. चुकनी. माफ करा." वर्गातली मुलं दारादारांतून बघत होती.

सर म्हणाले, "बघ, तुझ्या वडिलांना कळतं."

मी आबांचे जोडलेले हात धरले आणि सोडवले. ते सोडेनात. जोर लावावा लागला. मग चपला उचलून त्यांच्या पायाशी ठेवल्या. "घाला," म्हणाले. ओरडूनच म्हणाले, सगळ्यांना ऐकू गेलं.

रिक्षात आबा रडले. मला म्हणाले, "मी वाकनू तुन्हासाठे. तुन्हं काय गयं?"

माझं काय गेलं. पदवी गेली. पुढचं सगळंच गेलं. जोडीदार पास झाला, पुढे शिकायला बाहेरगावी गेला. मी मायशेजारी बसून साड्यांना टिकल्या लावते. आबा माझ्याशी बोलत नाहीत. खात्यात आता माझं नाव काढत नाहीत. माय म्हणते, अजून जा, दोन शब्द बोलून ये, काय जातंय. सर अजून तिथंच आहेत, शिकवत आहेत. त्यांचं काही बिघडलेलं नाही, बिघडणारही नाही. हे मला स्पष्ट दिसतं.

मी जाणार नाही. माझ्यासाठी कुणाला जाऊही देणार नाही.

आबा मायला म्हणतात, मी त्यांचे हात सोडवले, तेव्हा त्यांचा अपमान केला. करीन. पुन्हा जोडले, तर पुन्हा सोडवीन.