पोपटांच्या खेळातला पहिला नंबर

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, भावाला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर मुळीच नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या घरातले नाही. आणि सांगताना मध्येच मला हसू आलं, तर समजा की बाई अजून पुरती पस्तावलेली नाही.

माझी मुलगी प्रणाली दहावीला होती. तिच्या मामाने तिला गेमचं मशीन दिलं होतं, दोन्ही हातांत धरून खेळायचं. त्यात टेनिस. आमच्या शहापूरजवळच्या गावात टेनिसचं मैदान कुणी पाहिलंय? पण पोरगी त्याच्यापायी वेडी झाली होती. जेवतानाही अंगठे हलायचे तिचे. परीक्षा जवळ आली तशी मी एक दिवस तिला सांगितलं—तुझा गेम बिघडला, शहापूरच्या दुकानात दुरुस्तीला दिलाय, पार्ट यायला वेळ लागेल. खोटं होतं ते. गेम आमच्या तांदळाच्या पिंपात होता, पिशवीत गुंडाळून.

एवढं खोटं कुठली आई बोलत नाही? तेवढ्यासाठी मी तुमच्यासमोर बसले नसते.

पण—आता कसं सांगू?—हे कामावर, पोरगी शाळेत, घरात मी एकटी. तांदूळ काढायला पिंपात हात घातला की ती पिशवी हाताला लागायची. एकदा म्हटलं, बघू तरी काय आहे एवढं त्यात. एकदाच बघू. माणूस एकदाच म्हणतो ना, तिथेच फसतो.

खरा सामना मला काही आवडला नाही. पंधरा, तीस, आणि मग पंचेचाळीस नाही—चाळीस! आमच्या किराणावाल्याने असा हिशेब केला असता तर मी दुकान डोक्यावर घेतलं असतं. पण त्यात बाजूला छोटे छोटे खेळ होते. एकात भिंतीवरची मडकी फोडायची. एकात चेंडू खाली न पाडता उडवत राहायचा. आणि एक होता पोपटांचा. जाळीवरून पोपटांचे थवे येतात, रॅकेटने चेंडू मारून ते परतवायचे.

पोपट! माझं माहेर डोळखांबकडचं. भातात दाणा भरला की शेतातल्या माळ्यावर बसून पाखरं हाकायचं काम माझं. गोफण माझ्या हातात अशी बसायची की थव्यातला पुढचा पोपट वळवायचा म्हटला की वळायचाच. बढाई मारतेय, मारू द्या. पाखरू आहे तिथे खडा सोडायचा नसतो, ते जाणार असतं तिथे सोडायचा. गावात मात्र नाव भावाचं व्हायचं. बा सगळ्यांना सांगायचा, पोराचा हात बघा! मी कधी म्हटलं का, की बा, तो झोपला होता, हात माझा होता? नाही म्हटलं. लग्न झालं आणि गोफण तिकडेच राहिली.

आणि इतक्या वर्षांनी हे पोपट माझ्या पुढ्यात! सुरुवातीला मार खाल्ला. मग अंगठ्यांना कळू लागलं. पोपट आहे तिथे नाही, जाणार तिथे. एके दुपारी चुलीवरची डाळ करपून घरभर वास सुटला तरी मी जागची हलले नाही—आणि मशीनमध्ये तुतारी वाजली. पहिला नंबर. प्रणालीचा आकडा कुठल्या कुठे मागे पडला होता. मी पिंपाजवळ उभी राहून एकटीनेच टाळ्या पिटल्या. मुलगा झाल्यावर पेढे वाटतात ना लोक, तसे वाटावेसे वाटले मला. नावाची तीन अक्षरं टाका, असं आलं. मी काही टाकलं नाही. तीन आडव्या रेघा राहिल्या.

परीक्षा संपली. गेम 'दुरुस्त होऊन' आला. प्रणालीने पोपटांचा खेळ उघडला आणि ओरडलीच, "आई, हे बघ गो! त्या दुकानवाल्याने खेळलंय. काय हात आहे त्याचा!"

मी भाकरी थापत होते. तेव्हा बोलायचं होतं. तोंडाशी आलं होतं. पण मग पिंप, दुपारी, करपलेली डाळ—सगळंच बाहेर आलं असतं. मी म्हटलं, "असंल गो. त्याचं कामच ते."

सुट्टीभर ती त्या आकड्यामागे लागली. बोटं सुजली तिची. शेवटी मशीन पेटीत टाकलं आणि म्हणाली, "नाय जमायचं आपल्याला. बायांचा हात नाय तो."

ऐकलंत? माझ्या हाताकडे पाहून माझी पोरगी म्हणाली, बायांचा हात नाय तो. आणि मी तव्यावरची भाकरी उलटली. माझं श्रेय बाने भावाला दिलं, तेव्हा मी लहान होते. या वेळी मी स्वतःच्या तोंडाने ते एका परक्या माणसाला दिलं, आणि बदल्यात पोरीची उमेद मोडली. हा माझा गुन्हा.

आता प्रणाली कल्याणला दवाखान्यात नोकरी करते. यंदा गणपतीला आली, पेटी उपसताना मशीन सापडलं. आरती झाली की ती आपली पोपटांपुढे. आणि निघायच्या दिवशी—तुतारी! घरभर नाचली. "आई, हरवलं गो त्याला! दुकानवाल्याला हरवलं!" मीही नाचले. खरंच नाचले. पण आतून असा संताप आला म्हणून सांगू! अजून तो दुकानवालाच? मेल्याने एक पोपट परतवला नव्हता!

ती गेली आणि मी मशीन चार्जिंगला लावलं. बोटं आखडलीत आता, चष्माही लागलाय. रोज दुपारी हरले. शेजारीण हाक मारून गेली, मी ओ दिली नाही. आणि काल ते थवे आले, मी त्यांच्या पुढे पुढे चेंडू सोडत गेले, एक सुटला नाही, एकही नाही—

तुतारी वाजली. पोरीचा आकडा पुन्हा खाली.

नावाची तीन अक्षरं टाका, असं आलं. नववीपर्यंत शिकलेय मी, इंग्रजी अक्षरं येतात. ए. ए. आय.

मशीन आता पिंपात नाही, देवघराशेजारच्या फळीवर आहे, सगळ्यांना दिसेल असं. प्रणाली दसऱ्याला येणार आहे.