कागदोपत्री नातेवाईक

"कागदोपत्री आपण नातेवाईक," असं म्हणून ते माझ्या डब्यातली अर्धी पोळी उचलायचे. विचारणं नाही, काही नाही.

सिंगापूरला हार्बरफ्रंटच्या आमच्या ऑफिसात ते जहाजं तपासणारे सर्व्हेअर होते. ऑस्ट्रेलियातले आदिवासी, पण रंग आपल्यासारखाच. त्यामुळे पहिल्या दिवशी मी शहाण्याने हिंदीत त्यांचं गाव विचारलं. ते पोट धरून हसले, आणि मग नातं सांगितलं.

त्यांच्या आजोबांना दुसऱ्या महायुद्धात भरती व्हायचं होतं. आदिवासी म्हणून अधिकाऱ्याने दारातूनच परत पाठवलं. आजोबा दुसऱ्या गावी गेले आणि 'बाप हिंदुस्थानी' असं लिहून दिलं. लगेच घेतलं. पुढे इथे सिंगापूरलाच ते युद्धकैदी म्हणून वारले. क्रांजीच्या लष्करी दफनभूमीत त्यांची कबर आहे.

अहो, ज्या देशाने आपलं म्हटलं नाही, त्याच्यासाठी खोटं बोलून मरायला जायचं. माझं तर डोकंच फिरलं. ते मात्र शांतपणे तिकडच्या लष्करी दप्तराला पत्रं लिहीत राहिले: आजोबांच्या नोंदीत आमच्या जमातीचं नाव घाला. उत्तर ठरलेलं असायचं, 'त्यांनी स्वतःच तसं लिहून दिलं आहे.'

"मरण्यापूर्वी एवढं व्हावं," ते म्हणायचे.

महिन्यातल्या एका शनिवारी ते मला क्रांजीला न्यायचे. रुमालाने कबरीवरचा दगड पुसायचे आणि म्हणायचे, "नाव तू वाच. आमच्यात गेलेल्या माणसाचं नाव घरचे घेत नाहीत."

"आणि मी नातेवाईक ना?"

"कागदोपत्री."

मग मी मोठ्याने वाचायचो. ते डोळे मिटून ऐकायचे.

निवृत्त होऊन ते गावी परतले, आणि मागच्या वर्षी गेले. त्यांच्या मुलीचा मेल आला. शेवटच्या आठवड्यात दप्तराचं पत्र आलं होतं, नोंद दुरुस्त झाली होती. तिने ते दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा ऐकल्यावर ते म्हणाले, "सिंगापूरला त्याला कळव. नातं तुटलं म्हणावं."

मेल वाचून मला हसू आलं आणि मग रडूच आलं.

त्या शनिवारी मी एकटाच क्रांजीला गेलो. रुमालाने दगड पुसला. वाचायला तोंड उघडलं, पण नाव घेववेना. इथेही, बघा, मी दोघांचंही नाव लिहिलेलं नाही. घरचे घेत नाहीत.