धानावरून चाक नको

भाऊबीजेच्या सकाळी आईला घेऊन लाखनीहून निघालो, आमच्या घरगाडीने. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो... जुनी सतरा सीटर घेऊन आत पलंग, छोटा ओटा आणि मागे टॉयलेट बसवून घेतलंय. गल्लीतले लोक तिला 'चालतं लॉज' म्हणतात, म्हणोत बापडे.

आईचं माहेर चिखल्याच्या पुढे, डोंगरात. पाठीच्या ऑपरेशननंतर तिचा उजवा पाय उचलला जात नाही, फरफटत येतो. तेव्हापासून ती माहेरी गेलीच नव्हती. "सारं गाव माह्या पायाकडेच पाहीन," एवढंच एकदा म्हणाली होती.

गाडी आली तेव्हा तोडगा तिनेच काढला. आपण आतच बसायचं, मामाला गाडीत बोलवायचं, ओवाळायचं आणि परतायचं. खिडक्यांचे पडदेही तिनेच शिवले.

चिखल्यापर्यंत सगळं ठीक होतं. पुढे डांबर संपलं आणि चढ लागला... एकीकडे डोंगर, दुसरीकडे नुसता उतार. पहिला गिअर, फार तर दुसरा. सागाच्या फांद्या टपावर खरखरत होत्या आणि पाण्याची टाकी मागे डुचमळत होती.

एका वळणावर गाडी काही बसेना. मागेपुढे करताना मागचं चाक कडेच्या मुरमावर घसरलं. कशीबशी वर काढली. मला घाम फुटलेला आणि आई मांडीवर ओवाळणीचं ताट धरून खिडकीतून मोहाची झाडं बघतेय... घाबरण्याचं काम तिने माझ्याकडे सोपवलं होतं.

शेवटी गावचा नवा सिमेंट रस्ता दिसला. हुश्श करतोय तोच ब्रेक मारावा लागला. या टोकापासून पार मामाच्या दारापर्यंत रस्ताभर धान वाळत घातलेलं! एरवी आमच्याकडे लोक अर्धा रस्ता तरी सोडतात, पण इथे गाडी घेऊन येतंय कोण?

कडेकडेने काढावी म्हणून मी स्टिअरिंग वळवलं.

"धानावरून चाक नको नेऊ, बाबू," आई मागून म्हणाली. खरंच होतं तिचं. मी इंजिन बंद केलं.

रस्त्यावर बाया धान फिरवत होत्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... वाळतं धान सारखं खालीवर करावं लागतं, आणि ते पायाने करतात. पाय उचलायचा नाही, धानातून ओढत न्यायचा, म्हणजे मागे रेघ पडत जाते.

त्यातली एक सून गाडी बघायला आली आणि कोणाकडचे पाहुणे म्हणून तिने विचारलं. आई खिडकीतूनच म्हणाली, मी याच गावची लेक. ती सून हसली.

"मंग पाय फिरवतच या ना, आत्याबाई. तेवढं धानबी फिरते."

आई त्या बायांच्या पायांकडे बघत राहिली... मग म्हणाली, "मले उतरव."

चपला तिने गाडीतच काढल्या. पहिली काही पावलं माझा हात धरला, मग सोडला. दोन्ही पाय ओढत ती त्या बायांच्या रांगेत चालू लागली. तिच्या पायाकडे कोणी बघितलंही नाही, कारण पाय तिथे कोणीच उचलत नव्हतं. ताट घेऊन मी कडेच्या गवतातून मागे मागे, डोळे पुसत.

मामा दारातल्या खाटेवरून उठून उभा राहिला होता. किती दिवसांनी बहीण दिसली, पण आधी बोलला तो हे, "सरळ चाल वं, रेघ वाकडी जाऊन राहिली तुई."

आई हसली. अशी मोकळी हसलेली मी तिला ऑपरेशननंतर पाहिली नव्हती.

दारातच ओवाळणी झाली. मी सहज वळून रस्त्याकडे पाहिलं. धानात कितीतरी रेघा होत्या, सरळ, वाकड्या... त्यातली आईची कोणती, मला ओळखता आली नाही. फार बरं वाटलं.