रशीदचे गुडघे

मी अकोल्याला लेकीकडे होतो. सकाळी मेथी निवडत बसलो होतो तेव्हा सलीमचा फोन आला. सलीम म्हणजे रशीद टेलरचा थोरला. "काका, अब्बा गेले," एवढंच म्हणाला. एसटीने अचलपूर गाठलं तोवर जनाजा निघाला होता. खांदा मिळाला, तोंड दिसलं नाही... त्याला आज पाच आठवडे झाले. मी चौथी शिकलेला, जन्मभर वावरात राबलेला माणूस. पेपरात लिहायची ही पहिली वेळ. पण एक खोटी गोष्ट मी तीन वर्षं गावभर सांगत फिरलो. ती खरी करून सांगायची तर नुसतं तोंडाने सांगून पुरत नाही, म्हणून लिहितो.

रशीद आणि मी शाळेत एका पट्टीवर बसलो. पुढे मी वखरामागे गेलो आणि तो बापाच्या मशीनवर बसला. मरेपर्यंत तीच पायाची मशीन. चिखलदऱ्याला चढाईला जाणारी अमरावतीची कॉलेजची मुलं पाठीवरच्या फाटक्या पिशव्या त्याच्याकडे शिवायला आणत आणि नेपाळातल्या बर्फाचे फोटो दाखवत. तेच त्याच्या डोक्यात बसलं. "वामन्या, एकदा बर्फ हातात घेऊन पाहाचा आहे मले," म्हणाला. मी म्हटलं, फ्रिज उघड. पण तो काही हटला नाही. नेपाळला पासपोर्ट लागत नाही, मतदान कार्डावर परदेश होत होता, तेव्हा मीही तयार झालो. दोघांनीही तोवर घाट चढले ते एसटीत बसूनच. त्याने कापूस भरून दोन सारखे कोट शिवले आणि आपल्या कोटाला आतून एक जादा खिसा लावला, कांद्यासाठी. आपल्याकडे लू लागू नये म्हणून उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवतात. हा बर्फात निघाला तरी कांदा सोडेना. मी हसलो तर म्हणे, सवय आहे, राहू दे.

पोखऱ्याच्या पुढे गाडीचा रस्ता संपला आणि पायवाट लागली. आमचा वाटाड्या सारखा सांगे, बिस्तारै, बिस्तारै... म्हणजे हळूहळू. मला त्याचा राग येई. आम्ही ऊन चढायच्या आत वावर गाठणारी माणसं, सकाळी जो चालून घेईल त्याचा दिवस. मी सगळ्यांना मागे टाकत पुढे जाई, वर बसून विडी ओढी आणि रशीद दिसला की ओरडे, टेलर, मशीन तेल मागून राहिली का? तो मात्र वाटाड्याचं ऐकून पाऊल मोजत येई, दगडाला हात लावी, म्हाताऱ्या बायांशी बोलत बसे. चौथ्या दिवशी दुपारी उंचावरच्या मुक्कामाला पोचलो आणि माझं डोकं फुटायला लागलं. मी दगडी भिंतीमागे जाऊन ओकलो. कोणाला कळू दिलं नाही, असं मला वाटलं... वर पाहिलं तर रशीद उभा. त्याने खिशातला कांदा काढून मुठीने फोडला आणि ऊन लागलेल्या माणसाला धरतात तसा माझ्या नाकाशी धरला.

बर्फ तिथून तीन तासांवर होता. सकाळी मी बूट बांधून उभा राहिलो, पण भिंत धरूनच. वाटाड्या माझ्या तोंडाकडे बघत होता. तेवढ्यात रशीद पायरीवर बसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माहे गुडघे गेले, वामन्या. मले खाली ने." मी काय म्हणालो? तरी म्हटलं होतं, टेलरचं काम नाही हे. असं म्हणालो. तो माझ्या खांद्यावर हात टाकून उतरला. भार कोणाचा कोणावर होता, ते दोघांनाच माहीत. संध्याकाळी खाली आलो तसं माझं डोकं मोकळं झालं, आणि मी दोन ताटं जेवलो.

गावात आल्यावर बबनच्या हॉटेलात मी रंगवून सांगू लागलो की याच्या गुडघ्यांपायी माघारी आलो, नाहीतर बर्फ हातभर राहिला होता. रशीद चहा फुंकत म्हणे, "हो ना भाऊ, माह्यापायीच." एकदाही नजर उचलून माझ्याकडे पाहिलं नाही त्याने. पाहिलं असतं तर मी गप्प झालो असतो. अकोल्याला जायच्या आदल्या दिवशी त्याच्या दुकानात गेलो होतो. म्हणाला, पुन्हा जाऊ, या वेळी हळूहळू. तेव्हा खरं बोलायचं होतं मला. जीभ वळली ती अशी वळली, "आधी गुडघे पाहा लेका." तो हसला आणि मशीन मारत राहिला. तीच शेवटची भेट.

गेल्या आठवड्यात बबनच्या हॉटेलात उभं राहून मी सगळ्यांना सांगितलं की रशीदचे गुडघे ठणठणीत होते, माघारी माझ्यामुळे आलो. वाटलं होतं, लोक हसतील. कोणी हसलं नाही. बबन कपबशी विसळता विसळता म्हणाला, "काका, दिवसभर पायाची मशीन मारत होता तो. त्याचे गुडघे गेले, हे आमी कधी मानलंच नोतं."

तिथून दुकानात गेलो. मशीनच्या मागे खुंटीला त्याचा कोट होता. आतल्या खिशात हात घातला तर कांदा लागला. कोंब आलेला. मी सलीमला विचारलं, हा काहून? तो म्हणाला, अब्बा दर बाजाराला नवा ठेवत. विचारलं तर म्हणत, वामन्याले कधी लागन, सांगता येत नाही.

सलीम म्हणाला, कोट घेऊन जा काका. मी म्हटलं, राहू दे खुंटीलाच. फक्त बाजाराच्या दिवशी दुकान जरा उशिरा बंद करत जा. कांदा मी बदलत जाईन.