यासीनभाई, नंबर सात

यासीनभाईंनी गिऱ्हाइकाला चपलेचा नंबर कधी विचारला नाही. गिऱ्हाईक पायरी चढत असतानाच त्यांची नजर खाली जायची आणि ते बाकावर टेकेपर्यंत यासीनभाई मापाचा डबा घेऊन समोर. कुणी ठसक्यात ‘आठ दाखवा’ म्हणालं तरी हातात डबा नऊचाच. “माणूस तोंडानं आठ सांगतो, पाय नऊ सांगतो,” असं पुटपुटत ते गुडघ्यावर बसायचे. चप्पल चढली की गिऱ्हाईक पाकीट काढायचं.

मी लोणी काळभोरचा. हातगाडीवर रबरी स्लिपर विकत सुरुवात केली आणि कात्रजला दोन गाळ्यांचं दुकान केलं. घासाघीस केल्याशिवाय मला मेथीची जुडीही घेववत नाही आणि डोकं फिरलं की समोर कोण आहे ते दिसत नाही. यासीनभाई भवानी पेठेतले, आजोबांपासूनचे कारागीर. त्यांचा छोटा कारखाना बंद पडला तेव्हा माझ्याकडे आले आणि एकोणीस वर्षं राहिले. बायको लवकर गेलेली, घरी एक मुलगी, रुबीना.

एकदा एक बाई तीन आठवडे वापरलेली चप्पल बदलून मागायला आल्या. मी म्हणालो, “बाई, शेतात घालून नांगरलंत का?” त्या म्हणाल्या, “पुण्यात शेत ठेवलंय कुठं तुम्ही लोकांनी?” माझा आवाज चढला. यासीनभाई पाण्याचा पेला घेऊन आले. तो बाईंसाठी नव्हता, माझ्यासाठी होता. “शेठ, पाणी प्या. तोवर मी ताईंना निळी दाखवतो.” बाई निळी घेऊन गेल्या, शिवाय नवऱ्यासाठी एक जोड. असे किती पेले मी प्यालो, त्याची गणती नाही.

स्वतःच्या चपला ते स्वतःच शिवायचे. पुठ्ठ्यावर पाय ठेवून पेन्सिलीनं काढलेलं माप, नंबर सात, कपाटामागच्या खिळ्याला वर्षानुवर्षं टांगलेलं होतं. एका वर्षी त्या मापाची नवी चप्पल त्यांच्या बोटांना काचायला लागली. “दमट हवेनं पुठ्ठा आकसला असेल,” मी म्हणालो. त्यांनाही पटलं. नवा पुठ्ठा कापला, आठ. दोन वर्षांनी नऊ. मग दहा.

“यासीनभाई, या वयात वाढताय? मला कातडं परवडायचं नाही.”

“शेठ, तुमचं मीठ खातोय. वाढणारच.”

ते हसले की दातांत फटी दिसायच्या. आधी नव्हत्या. अंगठी सोनाराकडून कापून काढावी लागली. आवाज घोगरा झाला, जबडा पुढं आला. रुबीना म्हणायची, “अब्बांच्या घोरण्यानं मांडणीवरची भांडी वाजतात.” साखर वाढली, तिचा एक डॉक्टर. गुडघे धरले, त्यांचा दुसरा. सहा वर्षं आम्ही सगळे त्यांचे तुकडे वेगवेगळ्या दारांत नेत राहिलो.

मग एकदा डावीकडून आलेली बाई त्यांना दिसलीच नाही, सरळ धडकले. समोरचं दिसत होतं, कडेचं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, तिच्यात गाठ होती. कॅन्सर नव्हता, पण गाठ वर्षानुवर्षं वाढीचा हार्मोन ओतत होती आणि आता डोळ्यांच्या नसांवर चढली होती.

हार्मोनच्या डॉक्टरबाईंनी त्यांचे हात उलटेपालटे करून बघितले आणि पहिलाच प्रश्न केला, “चपलेचा नंबर वाढलाय का?”

“सातचा दहा,” मीच म्हणालो. “सहा वर्षांत.”

“इतकं नेमकं तुम्हाला कसं माहीत?”

“माझं चपलांचं दुकान आहे.”

त्या लिहीत राहिल्या. बाहेर आल्यावर यासीनभाई म्हणाले, “शेठ, आपण दोघांनी मिळून तीन वेळा माप घेतलं आणि पुठ्ठ्याला दोष दिला.” ते हसले. मला हसता आलं नाही.

नाकातून ऑपरेशन झालं. नजर परत आली, पण उरलेली ग्रंथी थंडावली. डॉक्टरबाईंनी मला आणि रुबीनाला समोर बसवून समजावलं. “ताप आला, मार लागला, की निरोगी शरीर आपोआप जास्त कॉर्टिसोल, म्हणजे ताण पेलणारा हार्मोन, बनवतं. तो हुकूम या ग्रंथीकडून सुटतो. यांच्यात आता सुटत नाही. म्हणून ही स्टेरॉईडची गोळी दिवसातून तीनदा, जन्मभर. ताप आला तर दुप्पट. उलट्या होऊन गोळी टिकली नाही, तर ताबडतोब इंजेक्शन. रक्तदाब कोसळतो, तिथं वाट बघायची नाही.”

स्टेरॉईड म्हटल्यावर माझी घासाघीस सुरू झाली. “मॅडम, तीनच्या दोन करा ना. लोक म्हणतात, हाडं ठिसूळ होतात.”

“मी तुम्हाला भाव सांगत नाहीये,” त्या म्हणाल्या. “शरीर जेवढं बनवत होतं तेवढंच देतेय. यातून कमी करायला काही नाही.”

त्यांनी एक कार्ड दिलं. ‘या रुग्णाला आजारपणात स्टेरॉईडचं इंजेक्शन लगेच द्या’ असं त्यावर ठळक लिहिलेलं. आम्ही त्याच्या दोन प्रती केल्या. एक यासीनभाईंच्या पाकिटात. दुसरी माझ्या शर्टाच्या खिशात, कारण दिवसभर ते माझ्याजवळ असायचे.

दोन वर्षं चांगली गेली. दुपारच्या चहाबरोबर गोळी घेताना म्हणायचे, “चला, मेंदूचं काम हातानं करून टाकू.” कधी म्हणायचे, “आत फुकट मिळत होतं तेव्हा कधी सलाम केला नाही, शेठ.” पाय मात्र दहाचाच राहिला. वाढलेलं हाड मागं जात नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी ते कामावर आले नाहीत. रुबीनाचा वाघोलीहून, तिच्या ऑफिसमधून फोन आला. “काका, अब्बांना पहाटेपासून उलट्या होतायत, मला आत्ता सांगतायत. मी निघालेय, तुम्ही पुढं व्हा.” मी त्यांना लुंगीवरच गाडीत घातलं. पाकीट घरी राहिलं. ऑपरेशन झालेलं हॉस्पिटल लांब होतं, म्हणून जवळच्या एका हॉस्पिटलात नेलं.

कॅज्युअल्टीत गर्दी होती. एका तरुण डॉक्टरनं लांबूनच विचारलं, “जुलाब-उलट्या? या दिवसांत सगळ्यांनाच आहेत. बसवा त्यांना.” बसवा म्हणजे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. माझं डोकं फिरलं. मी टेबलावर हात आपटला, मोठ्या डॉक्टरला बोलवा म्हणालो, एकेकाला बघून घेईन म्हणालो. सिक्युरिटीचे दोघे आले. त्यांनी मला दाराबाहेर काढलं, तिथंही मी भांडलो. काचेतून यासीनभाई दिसत होते. मान एका बाजूला कललेली, ओठ पांढरे. त्यांनी एकदा हात उचलून मला काहीतरी खूण केली. गप्प राहा असं असेल. जवळ या असंही असेल.

मग वॉचमननं मला ढकललं आणि खिशावर माझाच हात पडला.

कार्ड वाचल्याबरोबर तो तरुण डॉक्टर अक्षरशः पळाला. इंजेक्शन दिलं, दोन्ही हातांना सलाईन लावलं. रुबीना त्यानंतर पोहोचली. रक्तदाब वर आला नाही. संध्याकाळी यासीनभाई गेले. तो पोरगा माझ्यासमोर उभा राहून एवढंच म्हणाला, “हे आधी का नाही दाखवलं?”

कबरस्तानातून परतल्यावर रुबीनानं विचारलं, “काका, कार्ड दाखवूनही त्यांनी ऐकलं नाही ना?”

मी मान हलवली. हो.

त्या ‘हो’वर मी वर्षभर लढतोय. वकील केला, अर्ज केले, त्या खुर्चीबद्दल साहेबांच्या केबिनींमध्ये ओरडलो. खुर्ची खरी आहे. ज्यानं लांबूनच बघितलं त्याला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण अर्जावर सही रुबीनाची आहे, आणि पुढच्या आठवड्यात तिला शपथेवर सांगायचंय की कार्ड आत शिरल्या शिरल्या दाखवलं होतं. वकिलानं तसं लिहून दिलंय, कारण मी त्याला तसं सांगितलंय.

रुबीना, मी आत शिरलो तेव्हा पावणेबारा झाले होते. कार्ड काढलं तेव्हा साडेबारा. मधला सगळा वेळ ते माझ्या खिशात होतं. हे मी लिहिलेले कागद घेऊन आज तुझ्याकडे येतोय. वाचून होईपर्यंत मी जिन्यात थांबेन.