सुट्टीच्या दिवशीही चुलीपुढं

मैत्रिणींनो, आत्ताच घरी येऊन टेकलेय. पाय नुसते ठणकतायत.

आज यांनी सगळ्यांना राहात्याकडं 'जुनं गाव' बघायला नेलं. बैलगाडी, जातं, चूल, झोके. म्हणजे आमचं बेलापूरचंच घर, वर तिकीट!

तिथली भाकरी थापणारी बाई जेवायला गेली होती. लेक म्हणाली, "आई, चुलीपुढं बस की, फोटो काढते." बसले. एक भाकरी टाकली, तर मागं रांगच लागली.

"मावशी, आमाला पन द्या!"

भुकेल्या माणसाला न्हाई कसं म्हणायचं? थापत राहिले.

समोरच्या फिरत्या पाळण्यात सासूबाई लाकडी घोड्यावर बसून गोल फिरत हाका मारत होत्या, "अगं, ये की! तुझा घोडा धरलाय!"

माझा घोडा रिकामाच फिरला.

खरं सांगा, तुम्हाला तरी सुट्टीत नुसतं बसता येतं का?